डब्यावरचे नाव

शताब्दी स्मरणिकेत मोटारीच्या तेलाच्या डब्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पूर्वजांची जहाजे, उसाचे मळे, पहिली बैठका, पहिला गणपती हे विषय सोडून भंगारातला पत्रा कोण बघणार? आम्हीही सुरुवातीला असेच म्हणत होतो. नोकरीनिमित्त कतारच्या दोहा शहरात राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे. आमच्यातल्या काहींचे आजे-पणजे गिरमिटावर मॉरिशसला गेले. काहींचे घर अजून रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. सुट्टीच्या संध्याकाळी सूक वाकिफमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत हिंडताना रंग उडालेला एखादा डबा हाती लागे. गावी गेले की मुंबईच्या चोरबाजारातून, कोकणातल्या एखाद्या माळ्यावरून आणखी एक येई. असे करता करता लहानमोठे डबे जमले आणि त्यांची रांग लावल्यावर लक्षात आले की ही आपलीच गोष्ट आहे. कराराच्या कागदावर अंगठा देऊन परमुलखात गेलेल्या माणसांची गोष्ट या पत्र्याला चिकटून आहे. मात्र ती सहज दिसत नाही, आणि आम्ही तर तिचा एक तुकडा स्वतःच्या हाताने पुसून टाकला. तेही पुढे सांगणार आहोत.

डबा आला कसा

मोटारीच्या आधी डबा आला तो दिव्याच्या तेलासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आपल्याकडे येऊ लागले. मराठीने त्याला दोन नावे दिली. 'रॉक ऑइल' म्हणजे खडकातले तेल, त्याचे झाले रॉकेल. आणि 'गॅसलाइट'चे झाले घासलेट. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी आपले तेल चौकोनी डब्यांत भरून, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून आशियाभर पाठवत असे. एका डब्यात चार गॅलन तेल मावे. लंडनच्या मार्कस सॅम्युअल यांना ही मक्तेदारी मोडायची होती. त्यांनी 'म्युरेक्स' नावाचे जहाज बांधवून घेतले. त्यात तेल डब्यांत न भरता थेट टाक्यांत भरलेले होते. १८९२ साली ते सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. सॅम्युअल यांचाच धंदा पुढे 'शेल' म्हणून ओळखला जाऊ लागला.

या व्यवहारात एक गंमत झाली. सॅम्युअल यांचे तेल स्वस्त होते, तरी लोक ते घेईनात. स्टँडर्डचे तेल निळ्या डब्यात मिळे, आणि गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा असे. रिकाम्या डब्याचे पत्रे छपराला लागत, त्यातून पेले, चिमण्या, चाळण्या होत. सुट्या तेलासाठी गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येईल, हा अंदाज साफ चुकला. शेवटी सॅम्युअल यांनी टिनचा पत्रा पाठवून जागोजागी डबे बनवण्याची सोय केली, आणि लाल डबा बाजारात आला. तेलाच्या एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला गरिबाच्या संसाराने धडा शिकवला तो असा.

तो चार गॅलनचा डबा आपल्यातून अजून गेलेला नाही. वाण्याकडचा गोड्या तेलाचा चौकोनी डबा आठवून पाहा. चार इंपीरियल गॅलन म्हणजे अठरा लिटर, आणि तो डबाही अठरा लिटरचाच. कोकणात कावडीच्या दोन टोकांना हाच डबा लटकत असे. त्यात तांदूळ भरून ठेवत, पाणी तापवत, तो उभा कापून त्यात तुळस लावत. आखातातल्या बंदरांतही गोडे पाणी अशाच डब्यांनी घरोघर पोचवले जाई. अरबीत पत्र्याच्या डब्याला 'तनका' म्हणतात. अरबी समुद्राच्या या काठावर आणि त्या काठावर वापर तोच.

लहान डबे, मोठे डबे

मोटारी आल्या तसे इंजिन ऑइल आले आणि डब्यांचे आकार वाढले. आमच्या रांगेत सगळ्यात पुढे आहे ती तेलाची बुधली. शिवणयंत्राला किंवा बिजागरीला दोन थेंब तेल द्यायची, तळाशी अंगठ्याने दाबले की 'टक' असा आवाज करणारी. तिच्या मागे पाइंटाचे आणि क्वार्टाचे डबे. त्यामागे एक गॅलनचा उभट चपटा डबा, वर मूठ आणि कोपऱ्यात फिरकीचे बूच. मग दोन गॅलनचा पेट्रोलचा डबा. जुन्या मोटारींच्या पायरीवर तो बांधलेला असे, आणि त्याचे बूच पितळेचे असे. त्यामागे चार गॅलनचा, पाच गॅलनचा, आणि शेवटी पिंप.

मापे नीट समजली नाहीत तर संग्राहक फसतो. इंपीरियल गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. त्यामुळे दोन डब्यांवर 'एक गॅलन' असेच छापलेले असते आणि शेजारी ठेवले तर एक चांगलाच लहान दिसतो. लहान डबा अमेरिकी, मोठा ब्रिटिश वळणाचा. पिंप दोनशे लिटरचे, म्हणजे सुमारे ४४ इंपीरियल गॅलनचे. वर्तमानपत्रात तेलाचा भाव ज्या 'बॅरल'चा येतो ते मात्र १५९ लिटरचे माप आहे. बाजारातले पिंप आणि हिशेबातले पिंप यांत चाळीस लिटरचा फरक पडतो.

अमेरिकेत १९३०च्या दशकात क्वार्टाचे सीलबंद गोल डबे आले, त्यामागे भेसळीची भीती होती. पंपावर सुटे तेल बाटलीतून ओतले की ते कुठले, नवे की वापरलेले, कोणाला कळणार? या डब्याला बूच नसते. टोकदार तोटी झाकणात खुपसून तेल ओतत, म्हणून अशा डब्याच्या माथ्यावर भोक सापडते. भोक नसलेल्या भरल्या डब्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात. आम्हाला भोक असलेलाच आवडतो, कारण तो कोणाच्या तरी हातून वापरला गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेला पेट्रोल पोचे ते याच चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून. ट्रकच्या धक्क्यांनी त्यांचे सांधे उकलत आणि पेट्रोल वाळूत जाई. जर्मन फौजेकडे वीस लिटरचा मजबूत डबा होता, तीन मुठींचा. ब्रिटिशांनी तो पाहून तसाच करून घेतला आणि शत्रूच्या टोपणनावावरून त्याला 'जेरीकॅन' म्हणू लागले. आज कतारच्या वाळूत सहलीला जाणाऱ्या गाड्यांच्या मागे जो लोखंडी कॅन बांधलेला दिसतो, तो त्याचाच वंशज.

आत होते एरंडेल

आमच्या एका हिरव्या डब्यावर 'कॅस्ट्रॉल' लिहिले आहे. हे नाव आपल्या शेताच्या बांधावरून गेलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली इंग्लंडात वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमानांची इंजिने भराभरा फिरू लागली तेव्हा, तापूनही पातळ न होणारे तेल हवे होते. त्यांनी खनिज तेलात एरंडेल मिसळले. एरंडेलाला इंग्रजीत म्हणतात कॅस्टर ऑइल, त्यावरून १९०९ साली नाव ठेवले कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांची गरगर फिरणारी इंजिनेही एरंडेलावरच चालत. आणि एरंड पिकवण्यात भारत तेव्हाही मोठा होता, आज तर जगात पहिला आहे. म्हणजे एरंड आपल्याकडचा शेतकरी पेरणार, बी बोटीने परदेशी जाणार, तेल तिकडे गाळले जाणार, आणि रंगीत डब्यात बंद होऊन १९१० पासून ते पुन्हा मुंबईच्या बाजारात विकायला येणार. लहानपणी ज्या एरंडेलाचा चमचा पाहून आपण पळून जात असू, ते असे जग फिरून येत होते. ज्यांच्या पणज्यांनी ऊस तोडला आणि साखर मात्र दुकानातून मोजून घेतली, त्यांना या व्यवहाराची ओळख वेगळी करून द्यायला नको.

डब्याचे वय

डब्यावर तारीख क्वचितच असते, पण वय लपत नाही. नव्याने डबे जमवणाऱ्यांसाठी काही खुणा सांगतो.

आधी किंमत पाहावी. ती रुपये-आणे-पै अशी असेल तर डबा बहुधा १९५७च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे आले. मग माप पाहावे. भारतात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा नुसत्या गॅलन-पाइंटाचा भारतीय डबा त्याच्या आगेमागेचा समजावा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर डबा १९७२च्या नंतरचा.

त्यानंतर कंपनीचे नाव. 'बर्मा-शेल' हे नाव भारतात १९२८ पासून होते. माहूलची तिची रिफायनरी १९५५ साली सुरू झाली. १९७६ साली सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि पुढे 'भारत पेट्रोलियम' हे नाव आले. 'एस्सो'चा कारभार १९७४ साली सरकारकडे येऊन 'हिंदुस्तान पेट्रोलियम' झाले. म्हणून या जुन्या नावांचा भारतीय डबा आपल्या लहानपणापेक्षा, निदान आपल्या मुलांपेक्षा तरी, मोठा आहे हे नक्की. 'मोबिलऑइल'च्या डब्यावर पंखांचे, चोच असलेले एक विचित्र जनावर दिसले तर तो जुना समजावा. उडता लाल घोडा त्याच्या मागून आला.

शेवटी पत्रा पाहावा. डाग देऊन झाळलेला सांधा जुना. नंतरच्या काळात पुठ्ठ्याच्या अंगाचे आणि पत्र्याच्या झाकणांचे डबे आले, आणि १९८०च्या दशकात प्लॅस्टिकने सगळ्यांनाच घरी बसवले. डबे जमवायचे दिवस तिथे संपतात.

दुखानच्या विहिरीवर

आता कतारकडे वळू. इथली माणसे पिढ्यान् पिढ्या मोती काढून जगत. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी १९३०च्या दशकात तो धंदा बुडवला. १९३५ साली तेल शोधण्याचा करार झाला. १९३८ साली पश्चिम किनाऱ्यावर दुखान इथे पहिली विहीर खणायला घेतली, आणि १९३९-४०च्या हिवाळ्यात तेल लागले. पण महायुद्धामुळे १९४२ साली विहिरी बुजवून टाकाव्या लागल्या. युद्धानंतर काम पुन्हा सुरू झाले आणि १९४९ साल संपता संपता पूर्व किनाऱ्यावरच्या उम्म सईद बंदरातून कच्च्या तेलाचे पहिले जहाज निघाले. तेच बंदर आज मेसाईद म्हणून ओळखले जाते.

तेल जमिनीखाली कतारचे होते, पण विहिरीवरच्या ट्रकांना, पंपांना, जनरेटरांना लागणारे वंगण डब्यांत आणि पिंपांत भरून बाहेरून येई. व्यवहार रुपयांत चाले. भारताचा रुपया आखातात सर्रास चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतारने रियाल आणला.

माणसेही बाहेरून येत. आखातातल्या तेल कंपन्यांची पद्धत ठरलेली होती. वरच्या जागा ब्रिटिशांच्या. कारकून, फिटर, वायरमन, ड्रायव्हर, स्वयंपाकी असे मधले हात भारतातून, आणि फाळणीनंतर पाकिस्तानातूनही. अंगमेहनतीला स्थानिक आणि आसपासचे लोक. पगार, राहण्याची जागा, पाण्याचा नळ, सगळे या तीन पायऱ्यांप्रमाणे. ही पद्धत इराणच्या अबादान रिफायनरीपासून चालत आली होती. तिथल्या भारतीय कामगारांनी १९२० आणि १९२२ साली संप केले होते, हे आपल्या शाळेतल्या इतिहासात आम्ही कधी वाचले नाही.

मुंबईहून माणसे निघत ती ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींनी. 'द्वारका', 'दारा', 'दुम्रा' ही नावे कोकणातल्या वयस्कर मंडळींच्या तोंडी अजून आहेत. डेकवर वळकटी पसरून, कराची करत, आखातातल्या एकेका बंदराला लागत त्या बसऱ्यापर्यंत जात. १९६१च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ 'दारा'वर स्फोट झाला, आग लागली आणि २३८ माणसे गेली. 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. मग विमानाचे दिवस आले.

गिरमिट संपले, करार राहिला

इथे आपल्या वाचकांनी थोडे थांबावे. मॉरिशसला १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसे भारतातून गेली; त्यांतली मराठी माणसे मुंबई बंदरातून निघालेली. 'अॅग्रीमेंट'चे गिरमिट झाले. मराठीत लाकडाला भोक पाडायच्या हत्यारालाही गिरमिटच म्हणतात. त्या शब्दाचे मूळ वेगळे आहे, पण ज्यांनी तो कागद भोगला त्यांना दोन्हींत फारसा फरक वाटला नसेल.

१९१७ साली गिरमिटाची भरती थांबली. १९२२ साली भारतात परदेशगमनाचा नवा कायदा झाला. तेल कंपन्यांनी मुंबईत माणसे घेतली ती या कायद्याखाली, ठराविक मुदतीच्या करारावर. मॉरिशसच्या बंदरात आपल्या पूर्वजांना उतरवून घेणारा अधिकारी होता 'प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स'. आज आखातात मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला जी मंजुरी घ्यावी लागते, ती देणारा अधिकारी आहे 'प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स'च्याच नावाचा, फक्त जाणाऱ्यांचा रक्षक. १९८३च्या कायद्यानेही ते नाव ठेवले. कागद बदलले, पाटी तशीच राहिली.

पण दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असे म्हणणे सोपे आणि चुकीचे ठरेल. दुखानला गेलेला माणूस पैसे गावी पाठवू शकत होता आणि बहुतेक वेळा परतही येत होता. आपले पूर्वज बहुतेक परतले नाहीत. दुसरीकडे, मॉरिशसला गेलेल्यांची मुले तिथली नागरिक झाली, मंत्री झाली. कतारमध्ये तीस वर्षे राबलेला माणूस नोकरी संपली की सामान बांधतो. आज इथे सात लाखांहून अधिक भारतीय आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलू न देणारी अट २०२० साली काढली गेली आणि २०२१ पासून किमान हजार रियाल मूळ पगार ठरला. या सुधारणा आवश्यक होत्या. त्या व्हायला किती काळ लागला, हे गिरमिटियांच्या नातवंडांनी विसरू नये.

दोह्याच्या मुशेरिब भागात जुनी चार घरे दुरुस्त करून २०१५ साली संग्रहालये उघडली. त्यांतले 'कंपनी हाउस' म्हणजे पहिल्या तेल कंपनीचे जुने कार्यालय. तिथे तेलावर काम केलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी मांडल्या आहेत. जवळच 'बिन जेलमूद हाउस' आहे, ते गुलामगिरीच्या इतिहासाचे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली बंद झाली. त्याआधी तेल कंपनीत कामाला लावलेल्या गुलामाच्या मजुरीतला मोठा वाटा त्याचा मालक घेत असे. ही दोन घरे एकापाठोपाठ पाहिली तेव्हा आम्हाला मॉरिशसमधली दोन ठिकाणे आठवली. एक ल मॉर्नचा डोंगर, पळून गेलेल्या गुलामांचा. दुसरे आप्रवासी घाट, सोळा पायऱ्यांचा, आपल्या लोकांचा. तिथेही एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडले होते.

आमच्या हातून झालेली चूक

आता ती चूक. आमच्यातल्या एकाच्या नात्यातल्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात, माळ्यावर चार गॅलनचा एक डबा होता. वरचा पत्रा कापून, कड दुमडून, त्याला बिजागरी आणि कडी लावलेली. दुखानला गेलेल्या आजोबांनी सुट्टीवर येताना तो पेटीसारखा आणला होता. पुढे त्यात सुपाऱ्या ठेवत, मग काहीच नाही. घरच्यांनी तो आनंदाने दिला. "घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल," असे आजी म्हणाल्या.

दोह्यात आणल्यावर आम्ही तो साफ करायला घेतला. काजळी, धूळ, जुने तेल. एका बाजूला कंपनीचे चिन्ह अर्धवट दिसत होते, ते उठून दिसावे म्हणून सोड्याच्या गरम पाण्यात तो भिजवला आणि तारेच्या घासणीने घासला. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचे काही ओघळ होते. गळलेला चुना असेल असे वाटले. तेही घासले. चिन्ह झकास निघाले. आम्ही फोटो काढला, गावी पाठवला.

आजींचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. डबा छान दिसतोय, पण त्यांचे नाव कुठे गेले? बोटीत सामान अदलाबदल होऊ नये म्हणून आजोबांनी पांढऱ्या रंगाने डब्यावर स्वतःचे नाव, गाव, तालुका लिहिला होता. ते शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. घरात त्यांच्या हाताने लिहिलेले तेवढेच होते. पत्रे ते दुसऱ्याकडून लिहून घेत.

आम्ही काय उत्तर देणार? कंपनीचे नाव आम्ही चकचकीत केले आणि माणसाचे नाव गटारात सोडले. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असू दे बाळा, तुम्हाला काय माहीत." पण आम्हाला माहीत असायला हवे होते. आम्ही तर त्या माणसांची लेकरे, ज्यांच्या नावांचे मळ्याच्या वहीत काय झाले हे आपण घरोघर ऐकतो. १८६७च्या मॉरिशसच्या कायद्याने फोटो आणि क्रमांक असलेले तिकीट बाळगणे सक्तीचे केले. ते क्रमांक, ते फोटो आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरात आहेत, म्हणून आपल्यातल्या कित्येकांना आपला पणजा सापडला. नाव चुकीचे लिहिले होते, गावाचे स्पेलिंग कोणाला कळेना, पण कागद कोणी घासून स्वच्छ केला नव्हता, म्हणून धागा लागला. दुखानच्या डब्यावरचा धागा आमच्या हातून तुटला.

तो डबा अजून आमच्याकडे आहे. आजींनी सांगितले तसे नाव, गाव, तालुका एका कागदावर लिहून आम्ही डब्यात ठेवले आहे. डब्यावर पुन्हा रंगवले नाही. रंगवले असते तर ते आमचे अक्षर झाले असते.

कसे जमवावे

त्यानंतर आम्ही डबे जमवायची पद्धत बदलली. पूर्वी आम्ही चिन्ह, रंग, माप आणि दुर्मीळपणा पाहत होतो. आता पहिला प्रश्न असतो, हा कोणाचा? दुकानातल्या डब्याला उत्तर नसते. घरातल्या डब्याला असते. म्हणून बाजारातला गुळगुळीत क्वार्ट सोडून आम्ही घरातला पोचे पडलेला गॅलन घेतो.

आणि एवढे पाळतो. डबा हातात आल्यावर आधी आहे तशा अवस्थेत चारही बाजूंनी, तळाने आणि आतून त्याचे फोटो काढतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशाने झटकतो. पाणी, सोडा, घासणी दूर ठेवतो. गंज वाढू नये म्हणून कोरड्या जागी ठेवतो. दोह्यात समुद्राची दमट हवा आहे, कोकणात पाऊस आहे, त्यामुळे दोन्हीकडे तो जमिनीला टेकू देत नाही. आत जुने तेल असेल तर ते मोरीत ओतत नाही, गॅरेजला देतो. मग घरच्या मोठ्या माणसाजवळ बसून पाच गोष्टी लिहून घेतो. डबा कोणी आणला, कुठून, कोणत्या साली किंवा कोणत्या बोटीने, घरात तो कशाला वापरला, आणि आणणारा माणूस तिथे काय काम करत होता. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवतो. साल आठवत नसेल तर "थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी" असेही लिहितो. त्यावरून साल निघते.

एका माणसाने घरात जमवलेल्या वस्तूंतून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण कतारमध्येच आहे. दोह्याबाहेर अल सामरिया इथे शेख फैसल बिन कासिम अल थानी यांनी आपला खाजगी संग्रह १९९८ साली लोकांना खुला केला. किल्ल्यासारख्या त्या इमारतीत गालिचे, हस्तलिखिते, जुन्या मोटारींच्या रांगाच्या रांगा आहेत. आमच्याकडे एका खोलीतली दोन फळकुटे आहेत. तुलना करायची नाही. पण मोटारी जपणारे मिळतात, त्या मोटारीखाली आडवे पडून तेल बदलणाऱ्याचा डबा जपणारे मिळत नाहीत. ते काम आपल्यासारख्यांनाच करावे लागेल.

वाचकांना विनंती

ही स्मरणिका मॉरिशसमध्ये वाचली जाईल, कोकणात वाचली जाईल, आखातातही पोचेल. तुमच्या गोठ्यात, गॅरेजमध्ये, परसात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर असा एखादा डबा असेल. साखर कारखान्याच्या ट्रकचा, मळ्यातल्या ट्रॅक्टरचा, काकांच्या टॅक्सीचा. त्यात खिळे असतील, बी-बियाणे असेल, नाहीतर कोंबड्यांचे दाणे असतील. तो विकू नका असे आम्ही म्हणत नाही; गरज असते तेव्हा माणूस विकतो. विकण्याआधी त्याचा फोटो काढा आणि त्याच्या मालकाचे नाव लिहून ठेवा. ज्यांना सांगता येईल ती माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याशी बोलायला पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

डब्याच्या चार बाजूंपैकी तीन कंपनीने छापलेल्या असतात. चौथ्या बाजूला कोणी काही लिहिले आहे का, ते उजेडात धरून, डबा तिरका करून, एकदा तरी पाहा. मगच फडक्याला हात लावा.